मालिकांमधली मुलं पंधरा वर्षांची होतच नाहीत

मालिकांमधे एक गोष्ट बघितलीय का, मुलं एकतर सात वर्षांची असतात नाहीतर एकदम लग्नाची. छोटी मुलगी पळत देवघरात शिरते, कॅमेरा तिच्या पैंजणांवर जातो आणि वर येतो तेव्हा तीच मुलगी साडी नेसून आरती करत असते. याला लीप म्हणतात. ज्या वयात मुलं दार आपटतात, मुलग्यांचा आवाज फुटतो, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं म्हणून जेवण जात नाही, ते अख्खं वयच त्या लीपमधे गेलं.

मी इंदूरला घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते, रोज संध्याकाळी हीच मुलं समोर असतात, म्हणून मला हे फार खटकतं. राग येतो खरं तर.

बालिका वधू आठवत असेल, 2008 ची. छोटी आनंदी झालेली अविका गौर घराघरात लाडकी होती. 2010 ला लीप आला, आनंदी मोठी झाली आणि तिच्या जागी प्रत्युषा बॅनर्जी आली. पुढच्याच वर्षी ससुराल सिमर का सुरू झाली, त्यात अविका रोली, आणि पुढे त्या रोलीचं लग्नही दाखवलं. अविकाचा जन्म 1997 चा, हिशोब करा. खरी तेरा-चौदा वर्षांची, एवढं छान काम करणारी मुलगी हाताशी होती आणि तिला द्यायला तिच्या वयाची भूमिकाच नव्हती आपल्याकडे!

यात शूटिंगची अडचण आहे हे मान्य. रोजची मालिका म्हणजे बारा-बारा तासांची शिफ्ट, आणि 14 वर्षांखालच्या मुलांना नियमाप्रमाणे दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. नियम योग्यच आहे, असायलाच हवा. पण मग त्या मुलांचा ट्रॅक आठवड्यातून दोनच दिवस ठेवा ना, त्यांना गोष्टीतून काढून कशाला टाकता.

आणि कधी आलीच ही मुलं तर कशी, जीन्स घातलेली मुलगी म्हणजे बिघडलेली, दोन वेण्यावाली म्हणजे संस्कारी, मोबाईल वाजला की लफडं आणि कानात इयरफोन म्हणजे उद्धट. माझ्या बॅचमधे एक मुलगा आहे, आजीशी मराठी, मित्रांशी इंदुरी 'भिया भिया' (म्हणजे भैया) आणि इयरफोन कायम कानात. एकदा विचारलं काय ऐकतोस रे, तर म्हणाला काही नाही काकू, हे लावले की घरी कोणी मार्क विचारत नाही. एक मुलगी पेन्सिलीने इतकं पुसट उत्तर लिहिते की मला वही खिडकीपाशी न्यावी लागते, चुकलं तर कोणाला दिसू नये म्हणून. यांना कुठल्या मालिकेत शोधू मी?

कोट्याच्या कोचिंगमधल्या मुलांवरच्या कोटा फॅक्टरी या वेब सिरीजने (2019) निदान या मुलांना बोलू दिलं. मेसचं जेवण, बॅचचं टेन्शन, घरची आठवण. आमच्या इंदूरच्या भंवरकुआला संध्याकाळी कोचिंग सुटताना उभं राहा, तीच मुलं दिसतील, पाठीवर सॅक आणि चेहरा उतरलेला.

आणि 2025 मधली ॲडोलेसन्स ही ब्रिटिश मालिका, चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमधे. शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या तेरा वर्षांच्या जेमीचं काम करणारा ओवेन कूपर त्याआधी कधी पडद्यावर आलाच नव्हता, आणि तो खरंच लहान दिसतो म्हणूनच ती अंगावर येते. पण ती बघून ओळखीतल्या काही आईबाबांनी एवढंच घेतलं की पोरगा खोलीत बसलाय म्हणजे काहीतरी भयंकर चाललंय, फोन काढून घ्या. अहो तिसरा भाग परत बघा! ती मानसशास्त्रज्ञ त्याला हॉट चॉकलेट आणून देते, समोर बसते, तो चिडतो ओरडतो तेव्हा ती आतून हादरते तरी विचारत राहते आणि त्याचं ऐकते. तेवढा वेळ आपण कोणी देतो का?

मालिका लिहिणारं कोणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगते, एकदा लीप न घेता लिहून बघा. सातवीतली मुलगी आठवीत जाऊ दे, मग नववीत, तीच मुलगी, तोच चेहरा, पिंपल्स आलेला. तिची जिवलग मैत्रीण एक दिवस दुसऱ्या बाकावर जाऊन बसू दे आणि ते का झालं हे कळायला आठवडाभर लागू दे. आम्ही बघू, आजीपासून नातीपर्यंत सगळे बघू.