बाल्टिमोरचा पूल आणि आमच्या ग्रुपवरचे कप्तान

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: 'अमेरिकेत दाली जहाजानं पूल पाडला, कारण कप्तान झोपला होता. ब्रेक मारला असता, नांगर टाकला असता, नाहीतर स्टिअरिंग फिरवलं असतं तर सहा जीव वाचले असते.' खाली 'सर्वांना पाठवा'. पाठवणारा आमचा गावचा वायरमन.

झोपलं कुणीच नव्हतं. 26 मार्च 2024 ला रात्री दीडच्या सुमारास जहाजाची वीज गेली, चारेक मिनिटांत टक्कर झाली. तेवढ्यात जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणाऱ्या पायलटनी खबर दिली, म्हणून पुलावरच्या गाड्या अडवता आल्या. मेले ते पुलावर खड्डे बुजवणारे मजूर.

ब्रेक? जहाजाला तो नसतोच. जहाजाला ढकलणारा पाण्याखालचा पंखा उलटा फिरवायचा, एवढाच उपाय. त्यासाठी असल्या मोठ्या जहाजाचं इंजिन आधी बंद करून दाबाच्या हवेनं उलट दिशेला चालू करावं लागतं. इथं तर ते बंदच पडलेलं.

नांगर टाकला होता, भाऊ. पण लाखभर टन वजन आणि ताशी 12 किलोमीटर वेग. वेग सायकलचा, पण हिशेब करून पाहा: ताशी 80 नं धावणाऱ्या 25 टनी नव्वदेक ट्रकांची ताकद. नांगर उभ्या जहाजाला धरून ठेवण्यासाठी असतो, धावत्याला नाही.

राहिलं स्टिअरिंग. तेही डावीकडे वळवलं होतं. का उपयोग झाला नाही, हे आमच्या तलावावर डोंगा चालवणाऱ्या ढिवरांना विचारा. डोंगा चालता असला की मागचं वल्हं जरा तिरपं धरलं तरी तो वळतो. थांबलेल्या डोंग्यात ते तसंच धरून बसा, जागचा हलणार नाही. वल्ह्यावर पाणी आदळलं तरच त्याला जोर. जहाजाचं सुकाणू पंख्याच्या मागेच असतं, पंखा फेकतो ते पाणी त्यावर आदळतं. पंखा थांबला की तो मारा संपला. उरतो तो जहाजाच्या चालीनं सरकणाऱ्या पाण्याचा जोर, आणि तोही बंद पंख्याआडून येतो. शिवाय सुकाणू नाकाला ओढत नाही, शेपटीला ढकलतं. डावीकडे वळायचं तर आधी मागचा भाग उजवीकडे जातो, आणि 300 मीटरचं धूड बराच वेळ जुन्याच वाटेनं घसरत राहतं.

मग दोष कशाचा? नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेनं बोट ठेवलं ते जहाजाची वीज घालवणाऱ्या एका सैल वायरीवर. टोकाला लावलेली लेबलची पट्टी आड आल्यानं ती खाचेत पूर्ण बसलीच नव्हती. वायरमन भाऊ, हे तरी पटतं ना?