सेरेत्से खामाची लव्हस्टोरी बास झाली आता

फीडमध्ये अधूनमधून तो फोटो फिरत येतोच, आफ्रिकेतल्या बोत्स्वानाचा काळा राजपुत्र सेरेत्से, त्याची गोरी इंग्लिश बायको आणि खाली चार बदाम. बदाम मीपण दिलेत, नाही असं नाही. पण या माणसाचं काम लग्नाच्या पुढे आहे आणि ते कोणी सांगतच नाही.

लग्न 1948 चं, लंडनमध्ये. बाप वारला तेव्हा सेरेत्से 4 वर्षांचा, म्हणून बामांग्वाटो जमातीची गादी त्शेकेडीकाकाच सांभाळत होता, पुतण्याला वाढवलंही त्यानेच. तोच काका आता म्हणतो की ही बाई चालणार नाही. मग सेरोवे गावात खोत्ला भरला, म्हणजे चावडीवरची गावसभाच, फक्त हजारो माणसांची. 1949 मध्ये तिथे सेरेत्सेने सरळ विचारलं, माझी बायको ज्यांना नको त्यांनी उभं राहा. 40-एक जण उठले. आता ज्यांना चालते त्यांनी, म्हटल्यावर अख्खं मैदान उभं, आणि "पुला! पुला!" असा गजर. पुला म्हणजे पाऊस. वाळवंटातला देश, तिथे जयजयकारही पावसाचाच, नंतर 1976 ला चलन काढलं त्याचं नावही पुलाच ठेवलं. मला हे जाम आवडतं.

पण जनतेने हो म्हणून काय होतंय, देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, शेजारी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाले सत्तेत आणि ब्रिटनला त्यांचं सोनं आणि युरेनियम हवं, त्यामुळे 1950 मध्ये बोलणी करायला म्हणून लंडनला बोलावलं आणि परत जाऊच दिलं नाही. गादी सोड, वर्षाला 1,100 पौंड घे. हा नाही म्हणाला. 1956 ला परतला तो गादीवरचा हक्क सोडून, साधा नागरिक म्हणून. मग पक्ष काढला, निवडणूक जिंकली आणि 1966 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हाच पहिला राष्ट्राध्यक्ष.

आता माझा मुद्दा. 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले, आणि ती जमीन याच्याच जमातीची. इथे भलेभले घसरतात राव. पण याच्या सरकारने त्याच वर्षी कायदा केला की जमिनीखालचं सगळं देशाचं, कुठल्याच जमातीचं नाही. म्हणजे घरच्या परसात खजिना निघाला आणि तो याने वाड्यावर न नेता सरकारी तिजोरीत टाकला, त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने झाले. माझ्या मते तो फोटो एकीकडे आणि हा कायदा एकीकडे.

संत वगैरे नव्हता तो. गादी स्वतः सोडली, पण 1979 मध्ये त्याच गादीवर मुलगा इयन बसलाच, आणि 2008 ला तोच राष्ट्राध्यक्षही झाला. पुढे त्याचं बापाच्याच पक्षाशी फाटलं, बाहेर पडला, आणि 2024 ला तो पक्ष स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा हरला. आता यावर आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी काय बोलायचं, आपल्याकडे तर हे रोजचंच आहे 😄