राजीनामा द्यावा तर भांडून

भांडून नोकरी सोडणं फार सोपं. डोक्यात राग असतो, मेल आपोआप टाइप होतो आणि संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव नेहमीपेक्षा चवदार लागतो. आवडती नोकरी सोडणं मात्र महाकठीण. साहेब भला, टीम गुणी, कँटीनची मिसळसुद्धा बरी, आणि तरी दुसरीकडे जायचंय. इथे राग मदतीला येत नाही, म्हणून मेल नीट लिहावा लागतो. चिडलेल्या माणसाचं शुद्धलेखन कुणी तपासत नाही.

माझ्या मते सुरुवात कॅलेंडरपासून करावी. नवं ऑफर लेटर, रुजू व्हायच्या तारखेसकट, हातात आल्याखेरीज तोंड उघडायचं नाही. मग आपलं जुनं अपॉइंटमेंट लेटर शोधायचं (ते रेशनकार्डाच्या फायलीत असतं) आणि नोटीस 'नव्वद दिवस' आहे की 'तीन महिने' ते बघायचं. 2 जूनला मेल टाकला तर नव्वद दिवस 31 ऑगस्टला भरतात, तीन महिने 2 सप्टेंबरला. नवी कंपनी 1 तारखेला हजर व्हा म्हणते, आणि त्या एवढ्याशा फरकापायी एचआरशी जी मेलामेली होते तेवढ्यात एखाद्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट मार्गी लागावं.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे बरीच वर्षं काम केल्यावर निघताना कंपनी देते त्या रकमेचं, गणितही आधीच मांडावं. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. पगार म्हणजे मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता. हातात पडणारा आकडा नव्हे. सहा महिन्यांच्या वर गेलेले महिने पूर्ण वर्ष धरतात. हिशेबाचा पगार 52,000 असेल तर सहा वर्षं पाच महिन्यांना 1,80,000 मिळतात आणि सहा वर्षं सात महिन्यांना 2,10,000. दोन महिने दम धरल्याचे तीस हजार. एवढं व्याज कुठलीच पतपेढी देत नाही.

आता साहेबांना सांगणं. आधी तोंडी, मग मेल. लिफ्टमध्ये नाही, शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच. मंगळवारी साडेअकराला, त्यांचा चहा पिऊन झाल्यावर. 'सर, पाच मिनिटं आहेत का?' एवढं म्हटलं की चांगल्या साहेबाला सगळं कळतं आणि तो दार लावून घेतो. कारण एकच सांगायचं, आणि सगळ्यांना तेच. साहेबांना 'शिकायला मिळेल', टीमला 'घराजवळ आहे' आणि एचआरला 'घरगुती अडचण' सांगणाऱ्याची तिन्ही कारणं चार वाजता पँट्रीत एकमेकांना भेटतात. पगार वाढवून देतो म्हणाले तर तिथल्या तिथे हो म्हणू नका; एकदा जायला निघालेला माणूस पुढच्या अप्रेझलला सगळ्यांच्या लक्षात असतो. मेल चार ओळींचा पुरे: पद, राजीनामा, शेवटचा दिवस, आभार. कविता फेअरवेलला.

एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'सोडण्याचं कारण' या रकान्यात पगार, वरिष्ठ, कामाचा ताण असे पर्याय असतात. 'सगळं छान होतं' याला चौकोनच नसतो. निमूट 'इतर' वर टिक करावी.

खरी कसोटी ड्रॉवरची. हँडओव्हरची एक्सेल शीट दोन दिवसांत होते, ड्रॉवरला आठवडा लागतो. कॅचपच्या पुड्या, एक काडी मोडलेली छत्री, मुदत संपलेल्या गोळ्यांची स्ट्रिप, शंभरातली चौऱ्याण्णव व्हिजिटिंग कार्डं, आणि तळाशी २६ जुलैच्या धास्तीने आणून ठेवलेल्या पावसाळी चपला. चावी जपा. लॅपटॉप, चार्जर, आयकार्ड परत करूनही नो ड्यूज अडतं ते हमखास याच चावीपाशी. नो ड्यूजच्या कागदावर चहावाल्याच्या उधारीचा रकाना नसतो. ती स्वतः आठवून चुकती करायची.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. एकूण पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःलाही पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नोटीस चालू आहे तोवर उरका. आणि जुन्या पगाराचा आकडा नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे टॅक्सची सवलत आपली म्हणून धरली जाते आणि रिटर्न भरताना डोळे पांढरे होतात.

तीन महिन्यांच्या नोटिशीला रेल्वेचा क्वार्टरली पास बरोबर पुरतो, तोही मासिकाच्या 2.7 पट भाड्यात. गोची पुढेच आहे. ऑफिस बदललं की गाडी बदलते, आणि डब्यातल्या ग्रुपला राजीनामा द्यायची काही सोयच नाही. तिथे ना मेल, ना हँडओव्हर. ऑफिसातली तुमची खुर्ची भरायला तीन महिने आणि चार इंटरव्ह्यू लागतात; लोकलच्या डब्यातली, तिघांच्या बाकावरची फोर्थ सीट डोंबिवली सुटायच्या आत भरलेली असते.