५ जूनचा खड्डा

कॉलेजचं वृक्षारोपण ५ जूनलाच, म्हणजे पर्यावरण दिनालाच करा. नागपुरात मान्सून पोचायला जून अर्धा सरतो. तोवर पारा चाळिशीच्या आसपास आणि काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. पण पाऊस पडल्यावर लावलेल्या झाडाचा फोटो कोण छापतं, भाऊ?

खड्डा वीतभर पुरे. जाणकार दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल सांगतात. तोही मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यायचा, म्हणजे मातीतली कीड मरते. मग शेणखत, थोडा मुरूम, कारण काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात. एवढं करायला मे महिन्यात कॅम्पसवर असतं कोण? शिवाय वाळलेल्या काळ्या मातीवरून कुदळ उसळते. सब्बल, म्हणजे पहार लागते, आणि ती माळीकाकांकडे असते. तेव्हा खणू द्या काकांना. तुम्ही आठजण मिळून माती लोटा. सोळा हात एका रोपाला दिसले पाहिजेत.

पिशवी मुळीच काढू नका. ती ब्लेडने उभी चिरायची, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, यात हात मळतात. पिशवीसकट ठेवलं की रोप कॅमेऱ्यापुढे ताठ उभं राहतं. मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात, राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात ढकललेल्या एटीकेटीवाल्यासारखी.

रोप गुलमोहराचंच घ्या. कडुनिंब, करंज इथल्या उन्हाला सरावलेले. ते चुकून जगले तर पुढच्या बॅचने कुठे लावायचं? मूळचा मादागास्करचा गुलमोहर उथळ मुळांचा, ठिसूळ लाकडाचा. वाचलाच तर एखाद्या वादळात आडवा होऊन जागा करून देतो.

'झाडे लावा' हा फ्लेक्स जुन्या कडुनिंबाला खिळ्यांनी ठोका. दोरी सैल पडते. पाणी एकदाच, बाटलीच्या तळाशी उरलेलं. बाटली खड्ड्याशेजारी ठेवली की चालतं.

राहिला प्रकल्प. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निकालामुळे पर्यावरण विषय सगळ्यांच्या माथी आला, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जुन्या अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला. नाग नदीचं प्रदूषण घ्या. नदी शहराच्या मधोमध वाहते, पण उतरायची गरज नाही. सीनियरची फाइल आहे. कागद एकाच बाजूने छापा, स्पायरल मारा, वर प्लास्टिकचं कव्हर. फक्त ऋणनिर्देशातल्या मार्गदर्शक मॅडमचं नाव बदला. अर्धा वर्ग तिथंच सापडतो.