चाळीस सेकंदांचं दुःख

"दादा, बाप गेल्यावर मुलगा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतो. तिथे चाळीस सेकंद एकच वाद्य. चेलो टाइप काहीतरी," असं आमचा दिग्दर्शक म्हणाला आणि मी मान डोलावली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ. चूक तिथेच झाली. त्या 'टाइप'ला मी जागच्या जागी अडवायला हवं होतं.

मी दिवसा बँकेत कर्जाच्या फायली बघतो आणि रात्री हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देतो. दोन्हीकडे लोकांना रडवायचंच काम आहे, पण बँकेत ते आपोआप होतं. आमच्या स्पर्धेच्या नाटकाचं संगीताचं बजेट तीन हजार रुपये, त्यात रिक्षाभाडं धरलेलं. एवढ्यात खरा स्टुडिओ दारात उभा करत नाही. मग आमच्यासारख्यांना आसरा सॅम्पल लायब्ररीचा. परदेशात कुठेतरी एखाद्या वादकाला चांगल्या हॉलमध्ये बसवतात आणि त्याच्याकडून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात, गज ओढत, गज ढकलत, बोटाने तार छेडत, असा नाना तऱ्हांनी वाजवून घेतात. आपण इथे की-बोर्डची पट्टी दाबली की त्यातला नेमका तुकडा वाजतो. एकच सूर लागोपाठ दाबला तर तोच तुकडा वाजून मशीनगन चालल्यासारखं वाटतं, म्हणून प्रत्येक सुराचे तीन-चार जुळे भाऊ ठेवलेले असतात आणि ते पाळीपाळीने ड्युटीवर येतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमन लोकांनी हे शिकण्यासारखं आहे.

आता अख्खा ऑर्केस्ट्रा हवा असेल तर फारसा त्रास नाही. सोळा व्हायोलिनं एकदम वाजली की त्यातलं खोटेपण लपतं. आरतीसारखं. दहा दिवस आपण सगळे दणक्यात म्हणतो, टाळ्यांच्या गजरात कोण कुठल्या पट्टीत आहे ते गणपतीलाही कळत नाही. पण एखाद्या संध्याकाळी गुरुजी आलेले नसतात आणि कुणीतरी म्हणतं, "आज मंत्रपुष्पांजली तुम्ही एकट्याने म्हणा." मग कळतं की दुसऱ्या ओळीनंतर आपण इतकी वर्षं नुसते ओठ हलवत होतो. एकल वाद्याच्या लायब्ररीचं अगदी हेच होतं. ती एकटी उभी राहिली की तिसऱ्या सुराला उघडी पडते.

म्हणून चांगली शोधायची. म्हणून रात्री साडेदहाला बसायचं आणि दीडला उठायचं. पहिल्या आठवड्यात मी चौदा चेलो ऐकले. बायको दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अरे, माझ्या पैठणीच्या वेळी तू दुकानाबाहेर उभा राहून दोन तासांत चार चहा प्यायलास आणि घरी येईपर्यंत मला ऐकवलंस. आता कोण गादीवर बसून पदर उलगडायला लावतंय?" यावर उत्तर नव्हतं. मी पंधरावा चेलो लावला.

यातली खरी मेख म्हणजे डेमो. प्रत्येक लायब्ररीचा डेमो ऐकून डोळ्यांत पाणी येतं. हळूहळू लक्षात येतं की डेमो करणारा संगीतकार आधी ही लायब्ररी कुठले सूर गोड लावते ते बघतो आणि मग तेवढ्याच सुरांची धून बांधतो. स्थळाच्या फोटोत मुलगा नेहमी उजवीकडेच मान वळवून उभा असतो, तसं. डावीकडे काय आहे ते लग्नानंतर कळतं. आणि इथे लग्न दीडशे-दोनशे युरोंचं असतं, एकदा डाउनलोड केलं की माल परत नाही.

पुन्हा नावं अशी की सोडवत नाही. जोशुआ बेल हा अमेरिकन व्हायोलिनवादक १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हरी या नामांकित कारागिराने बनवलेलं व्हायोलिन, वाजवतो. त्याच्याही वादनाची लायब्ररी आहे. म्हणजे रात्री दीड वाजता कोथरूडमध्ये पायजम्यात बसलेल्या माणसाच्या हुकमावर हा कलावंत हजर व्हायला तयार. मी दोन रात्री त्या व्हायोलिनवर घालवल्या. मग आठवलं, आपल्याला चेलो हवाय.

शेवटी एक चेलो घेतला. नाव सांगत नाही, पण त्याच्या वर्णनात 'भावपूर्ण' या अर्थाचे सहा शब्द होते. सेहेचाळीस जीबी रात्रभर उतरत राहिले, सकाळी मुलाचा ऑनलाइन क्लास बंद पडला, घरात त्यावरून जे बोललं गेलं ते नाटकात घेण्यासारखं होतं. संध्याकाळी मी पट्टी दाबली. चेलो रडला. दुसरी दाबली. रडला. मी 'सा रे ग म' वाजवून बघितलं, त्यातही प्रत्येक सूर हुंदका देऊनच बाहेर आला. सुराचा कंप रेकॉर्डिंगमध्येच मुरवून ठेवलेला, काढायची सोय नाही. लग्नात, बारशात, पेन्शन मंजूर झाल्यावरसुद्धा त्याच ताकदीने रडणारी एक दूरची आत्या असते, ती मी वीस हजाराला घरी आणली होती.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. एका जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग नसतंच. तार कशी हलते, लाकूड कसं घुमतं याचं गणित मांडून आवाज तिथल्या तिथे तयार करतात. जागा खाते जेमतेम, आणि ऐकते सगळं. पण सगळं म्हणजे सगळंच तुम्ही सांगायचं. गजाचा दाब की-बोर्डवरच्या एका चाकावर, कंपाचा वेग दुसऱ्या चाकावर, आवाज तिसऱ्या, सरकत्या पट्टीवर, आणि सूर वाजवायला जो हात उरेल तो. मला दोनच हात आहेत. आत्याबाई आयते पोहे वाढत होत्या. इथे कोरडे पोहे, कांदा आणि फोडणीचं साहित्य समोर ठेवून "कर" म्हणून सांगितलेलं.

यात आणखी एक गंमत. हे सगळे हुकूम मिडी नावाच्या भाषेतून जातात. ती १९८३ सालची, आणि तिच्यात अशा चाकाची किंमत शून्य ते १२७ एवढीच. जगातला कुठलाही हुंदका यातच बसवायचा. दिग्दर्शक मागे उभा राहून सांगणार, "दादा, इथे थोडं अजून आतून येऊ दे." मी चौऱ्याण्णवचं एकशे दोन करणार. तो डोळे मिटणार, म्हणणार, "हां, आता बाप गेला."

एवढं करून माझी धून वाजेना. धुनेत गंधारावरून निषादापर्यंत एक लांब मींड होती, म्हणजे न तुटता घसरत जाणं, सगळा जीव तिथे. लायब्ररीत एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचे तुकडे वेगळे रेकॉर्ड केलेले असतात, त्यांना लेगाटो म्हणतात. ते वाजायला वेळ घेतात, म्हणून सूर ठोक्याच्या आधीच दाबून ठेवावा लागतो. मुहूर्त अकरा पाचचा असला तर "मामा, मुलीला घेऊन या" हे दहा पन्नासपासून ओरडावं लागतं, तसं. पण जवळच्या दोन सुरांत हे निभतं. लांबच्या मींडेसाठी सूर वाकवायचं चाक फिरवलं, तर मांजराच्या शेपटीवर पाय पडला.

आजोबांकडे पेटी होती. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, हा त्यांचा आयुष्यभराचा सल. आक्षेप काय, तर पट्टीवरून पट्टीवर उडी मारता येते, घसरता येत नाही, मींड निघत नाही. लहानपणी मला तो शुद्ध अन्याय वाटायचा. आता सेहेचाळीस जीबीची पेटी मांडीवर घेऊन त्याच खड्ड्यासमोर बसल्यावर, बंदी घालणाऱ्या साहेबाला उठून चहा करून द्यावासा वाटला.

याच सुमारास मी क्रेमोनाबद्दल वाचलं. इटलीतलं हे गाव स्ट्रॅडिव्हरीचं, आणि ग्वार्नेरी, आमाती या त्याच्यासारख्याच जुन्या वाद्यकारांचं. २०१९च्या जानेवारीत तिथल्या संग्रहालयात जुनी वाद्यं रेकॉर्ड करायला घेतली. स्ट्रॅडिव्हरीचं व्हायोलिन आणि चेलो, ग्वार्नेरीचं व्हायोलिन, आमातीचा व्हायोला. बत्तीस माइक लावले. मग लक्षात आलं की बाहेरच्या फरसबंदी रस्त्यावरून गाडी गेली किंवा उंच टाचांची बाई गेली की आत गुरगुर येते. तेव्हा खुद्द महापौरांनी गावाला विनंती केली, की काही आठवडे जरा हळू. आजूबाजूचे रस्ते बंद केले. हॉलमधले दिवे सूक्ष्म गुणगुणतात म्हणून बल्ब उतरवून ठेवले. आणि गाव गप्प बसलं! एका चेलोसाठी गाव गप्प! हे मी बायकोला वाचून दाखवत असताना खाली घंटागाडी गाणं लावून आली.

तरीही डोक्यात किडा शिरलाच. खरा चेलो का नको? ओळखीतून एक कॉलेजातली मुलगी मिळाली, चार वर्षं चेलो शिकणारी. मानधन हजार रुपये आणि मिसळ. रविवारी दुपारी अडीच ते चार या वेळात ती यायची ठरली, कारण या शहरात काही मिनिटांची शांतता मिळण्याची तेवढीच एक अधिकृत वेळ आहे. वॉचमनने तिला गेटवर थांबवून रजिस्टरमध्ये 'सामान : मोठी गिटार' अशी नोंद केली आणि मग वर सोडलं.

खोलीच्या भिंतींना मी रजया लटकवल्या होत्या. पंखा बंद, फ्रिज बंद, मुलगा आजीकडे. पहिला टेक सुरू झाला आणि मला पहिल्या सुरालाच कळलं की मी तीन आठवडे कशाच्या मागे धावत होतो. काय सांगू. लाकूड बोलत होतं. नवव्या सेकंदाला शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. दुपारी पावणेतीनला कोण कुकर लावतं? दुसऱ्या टेकला "भंगारवालेऽऽ" आला, तोही नेमका कोमल निषादावर, सुरात.

मग ती मुलगी थांबली. म्हणाली, "काका, एक विचारू? यात गज कुठे बदलायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथून इथपर्यंत एकच ओळ आहे. मध्ये कुठे थांबायलाच नाही. गज एवढाच असतो ना." तिने तो उभा धरून दाखवला. खरंच, दोन-सव्वादोन फूट. तो काही मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नव्हे.

मी कागदाकडे बघितलं. चाळीस सेकंदांच्या धुनेत मी कुठेही श्वास ठेवलेला नव्हता. पट्टीवर बोट ठेवून बसलं की सूर संपतच नाही, त्यामुळे ते कधी जाणवलंच नाही. दोन लायब्रऱ्या, सव्वीस डेमो, आणि कुणीही मला "काका, दम लागला" म्हणून सांगितलं नव्हतं. भूत वेताळाचं काम करतं तशा निमूट वाजवत राहिल्या होत्या. या सगळ्यांचा पणजोबा म्हणजे १९६३ साली बर्मिंगहॅमला बनायला लागलेला मेलोट्रॉन. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असे आणि तो साधारण आठ सेकंदांत संपून जाई. सूर बंद! लोक याला त्या यंत्राचा दोष म्हणत. माझ्या मते ते शेवटचं यंत्र, ज्याला दम लागायचा.

आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन धून चार जागी तोडली. मींडेच्या आधी एक छोटी फट ठेवली. तिसरा टेक. कुकर नाही, भंगार नाही, काकूसुद्धा झोपल्या असाव्यात. फट आली, तिने गज उचलला, आणि त्या सेकंदभराच्या शांततेत तळमजल्यावर कुणीतरी उघडं टाकलेल्या लिफ्टमधून त्या बाईंचा आवाज जिन्याने वर चढत आला : "कृपया दरवाजा बंद करें." मींड झाली. अप्रतिम झाली. त्यानंतर पुन्हा एकदा, लांबून : "कृपया दरवाजा बंद करें."

चार वाजले. मुलीला बस होती. मिसळ खाऊन ती मोठी गिटार घेऊन गेली.

मी त्या बाईंना काढायचा सगळा प्रयत्न केला. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने बाई पुसट झाल्या, पण त्यांच्याबरोबर चेलोचं पोटही गेलं. मग सुधारलेली धून पुन्हा आत्याबाईंकडून वाजवून घेतली. फटी ठेवल्यामुळे त्यांचं रडणं बरंच घरंदाज झालं होतं. दोन्ही फायली दिग्दर्शकाला पाठवल्या आणि लिहिलं, की दुसरीत लिफ्ट आहे, फक्त वादन कसं आलंय ते ऐक, वापरायची पहिली.

रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला. आवाज घोगरा. "दादा, हे काय केलंयस तू? बाप गेलाय. खुर्ची रिकामी. आणि कुठूनतरी खालून एक बाई सांगतीये, दरवाजा बंद करा. कुणीच बंद करत नाहीये. अरे, अंगावर काटा आला!"

मी म्हणालो, "अरे, ती चूक आहे."

"दादा, चूक असं कुणाला सांगू नकोस."

प्रयोगाच्या दिवशी त्या चाळीस सेकंदांत थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. क्रेमोना झालं होतं. प्रयोगानंतर विंगेत दुसऱ्या नाटकाचा संगीतकार मला शोधत आला. माझ्यासारखाच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, रात्री डेमो ऐकणाऱ्यांचा चेहरा लपत नाही. चेलोबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ती लिफ्ट काय कडक आहे हो! कुठली लायब्ररी?"