फीत कापायला निधी आहे, बॅटरी बदलायला नाही

आज सकाळी कुणीतरी एका फाउंडेशनचा वार्षिक अहवाल शेअर केला आणि माझं डोकंच फिरलं. पानोपानी सौर पॅनेल, हार, कात्री हातात धरलेले पाहुणे. अमुक इतके किलोवॅट बसवले म्हणे. बसवले, छान. त्यातले आज चालू किती आहेत? अख्खा अहवाल चाळला, तो आकडा कुठेच नाही.

मी काही काळ अशाच एका निधीवाटप समितीवर होते. नाव विचारू नका, सांगणार नाही. तिथे एक ताई अर्ज घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वस्तीत जुन्या कुठल्यातरी देणगीतून छोटा सौर प्रकल्प उभा राहिलेला, आणि तो त्यांचा गट सांभाळत होता. मागणी दोनच गोष्टींची: बॅटऱ्यांचा नवा संच आणि देखभाल करणाऱ्या मुलाचं मानधन. सोबत एक वही आणली होती. व्होल्टेज किती भरलं, डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं, कुणाकडची वायर सैल झाली, वर्गणी कुणाची थकली, सगळं तारीखवार. आमच्यातल्या एका गृहस्थांनी वही उघडलीसुद्धा नाही. विचारलं काय, तर "यात नावीन्य काय?"

ताई म्हणाल्या, "नवीन काहीच नाही, साहेब. आहे ते चालू ठेवायचंय."

अर्ज नामंजूर. मी भांडले, उपयोग झाला नाही. त्याच बैठकीत मोबाइल ॲपवाला एक नवाकोरा प्रकल्प हसतखेळत मंजूर झाला.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. लेड-ॲसिड बॅटरी रोज वापरली की चार-पाच वर्षांत मान टाकते, पाणी घालायचं राहिलं तर त्याच्याही आधी. इन्व्हर्टरही मध्येच कधीतरी जाणारच. आणि अनुदान किती वर्षांचं? दोन, फार तर तीन. बॅटरी जाते तेव्हा देणारे फोटो काढून कधीच पुढच्या गावाला गेलेले असतात. मग लोक म्हणतात, "सोलर काही खरं नाही." सोलरची काय चूक हो त्यात?

याहून संताप कशाचा येत असेल तर तो कम्युनिटी फाउंडेशनांचा, म्हणजे स्थानिक देणग्यांच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांचा. देणगी देणाऱ्या कंपन्यांचं एक वेळ समजू शकते, त्यांना मार्चअखेर गाठायची असते. पण कम्युनिटी फाउंडेशनचा जन्मच कायम टिकण्यासाठी झालाय! १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरनं पहिलं काढलं. मेलेल्या धनिकांनी घालून ठेवलेल्या अटी पुढे कालबाह्य होतात आणि पैसा नुसता अडकून पडतो, हे त्याला खुपत होतं. म्हणून गावातल्या अनेकांच्या देणग्या एकत्र करायच्या, मुद्दल राखायचं आणि उत्पन्न त्या त्या काळाच्या गरजेला लावायचं, अशी कल्पना. ती संस्था आजही चालू आहे. शंभर वर्षांचा विचार करून उभी राहिलेली ही पद्धत, आणि त्यातून पैसे सुटतात ते दोन वर्षांच्या मुदतीनं! व्याज दर वर्षी येतं ना? मग दर वर्षी थोडं देखभालीला द्यायला काय हरकत आहे?

बरं, समितीतली माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातून बऱ्याच जणांची शिक्षणं केली आहेत. देणगीदारांना काहीतरी दाखवावं लागतं, हेही मान्य. आणि हो, देखभालीलाही बाहेरून पैसे येत राहिले तर वर्गणी द्यायची सवय मोडते, हा मुद्दा खोटा नाही. पण ताईंच्या वहीत वर्गणीचे रकाने भरलेले होते हो! लोक देत होते. त्यातून रोजचा खर्च निघत होता, बॅटरीचा एकरकमी खर्च निघत नव्हता. एवढं बघायला वही उघडावी लागते.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं चिमुकलं बेट आहे, वस्ती जेमतेम शंभरेक. १९९७ मध्ये तिथल्या लोकांनी पुढाकार घेऊन बेटच ट्रस्टच्या नावावर विकत घेतलं आणि २००८ पासून पाणी, वारा, ऊन यांवर स्वतःची वीज चालवली. दर घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा, ती सगळ्यांनी मिळून पाळायची. भांडवल बरंचसं बाहेरच्या अनुदानातूनच आलं. पण यंत्रणा सांभाळायला बेटावरचीच माणसं शिकवून तयार केली आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळतात. आपल्याकडे देखभाल म्हणजे "गावातला कुणीतरी पोरगा बघेल". फुकटात. किती दिवस बघेल तो?

बिहारमधल्या धरनईचं नाव आठवतंय? २०१४ मध्ये १०० किलोवॅटच्या सौर मायक्रोग्रिडचा, म्हणजे गावापुरत्या वीजजाळ्याचा, केवढा गाजावाजा झाला होता. पुढे सरकारी वीज आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या गेल्या आणि काही वर्षांनी त्या जागेत गुरं बांधलेली असल्याच्या बातम्या आल्या. सरकारी ग्रिड आली हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पॅनेल तर शाबूत होती ना? ती ग्रिडला जोडायची, शाळेला द्यायची, पंपावर लावायची. हे ठरवायलाही कुणीतरी पगारी माणूस लागतो, आणि त्यासाठी निधी नसतो. नवीन नाही ना ते!

लिहिता लिहिता पुन्हा ती वहीच डोळ्यांसमोर येतेय. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही "इम्पॅक्ट रिपोर्ट"पेक्षा ती प्रामाणिक होती. मराठीत, बॉलपेननं, खाडाखोडीसकट. एका पानावर "आज काही नाही" एवढंच. कोणता सल्लागार लिहील असं?

माझ्या यादीत चार-पाच जण तरी अशा समित्यांवर आहेत, तुम्हाला टॅग करत नाही, तुम्हाला कळलंय. पुढच्या बैठकीत अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवून घ्या: पाचव्या वर्षी बॅटरीचे पैसे कोण देणार? आणि मंजूर रकमेतला काही हिस्सा पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात, त्या गटाच्या नावानं ठेवा. दोन पॅनेल कमी बसली तरी चालतील. पाहुणे नाराज झाले तर माझं नाव सांगा.