मापात पाप

कपाट घ्यायचं ठरलं आणि नेमकी टेप हरवली. टेपचा स्वभावच तो. नको असते तेव्हा प्रत्येक खणात तीच हाताला लागते. "अहो, शेजारून मागून आणा," बायको म्हणाली. मी हसलो. खिशात फोन असताना शेजारी जायचं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

मापाचं ॲप उघडलं. हुकूम आला : फोन हळूहळू हलवा. हलवला. अजून हळू. अगदी ओवाळल्यासारखा हलवला. पण कॅमेऱ्याला पकडायला खूण लागते, एखादा डाग, कोपरा, भेग. आणि गेल्याच महिन्यात मी हौसेने भिंत रंगवून या सगळ्या खुणा बुजवल्या होत्या. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली, तेव्हा कुठे आकडा आला : ९१ सेंटीमीटर. मग ९४. मग ८८. भिंत श्वास घेतेय की मी, कळेना. फोन आरशाकडे वळला तेव्हा तर त्याने आम्हाला पलीकडे आणखी एक खोली बहाल केली.

आता मी इरेला पेटलो. १८५८ साली मायडेनबाऊर नावाचा जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घ्यायला चढला आणि पडता पडता वाचला. तेव्हा त्याला सुचलं, जीव धोक्यात घालण्यापेक्षा फोटो काढून त्यावर मोजावं. फोटोग्रामेट्री हे नावही त्यानेच रूढ केलं. तो कॅथेड्रलवरून पडणार होता, मी स्टुलावरून, प्रेरणा तीच.

यात फोटो सगळ्या बाजूंनी काढायचे आणि प्रत्येकात मागच्या फोटोचा निदान साठेक टक्के भाग पुन्हा यायला हवा. मग सॉफ्टवेअर सारख्या खुणा जुळवून त्रिमितीय आकार उभा करतं. मी रांगत, उकिडवं बसून, हात उंचावून ७२ फोटो काढले. गुडघ्यांनी जवळपास प्रत्येक फोटोला दाद दिली.

मग कळलं की नुसत्या फोटोंवरून खोली माणसाची की बाहुलीची, हे सॉफ्टवेअरला उमगत नाही. ठाऊक असलेल्या मापाची एखादी वस्तू फोटोत हवी. बँकेचं कार्ड! जगभर लांबी ८५.६० मिलिमीटर. भिंतीला चिकटवलं, पुन्हा ७२ फोटो. अपलोड करणार तोच मागून आवाज : "अहो, नंबर दिसतोय." कार्ड उलटं केलं. "मागे ते तीन आकडे असतात ना?"

मग ए-४ कागद लावला, लांबी २९७ मिलिमीटर. तिसऱ्यांदा ७२. गुडघ्यांनी आता दाद देणंही सोडलं होतं.

रात्रभर फोन तव्यासारखा तापला. सकाळी मॉडेल तयार! खुर्चीचा एक पाय मेणासारखा वितळलेला. खिडकीची काच गायब. पारदर्शक आणि चकचकीत वस्तूंशी या विद्येचं वाकडंच. मोकळ्या जागेचं माप ९३.४. आणि पुस्तकांच्या फळीवर, अगदी वर, एक पिवळा गोळा.

"हा सॉफ्टवेअरचा दोष," मी समजावलं.

बायकोने गोळा दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढलं. क्षणभराने टेप ओढल्याचा खर्रर्र आवाज आला.

"ब्याण्णव," ती म्हणाली. "फोनमध्ये लिहून घ्या."

फोन बंद पडला होता.